वाड्यांतले सूर आणि वाटेवरचें गाणें

गेल्या पावसाळ्यांत एके संध्याकाळीं आमच्या घरांतली वीज गेलेली होती. वेळ जावा म्हणून माझ्या नातीनें आपल्या मोबाइलवर एक इंग्रजी गाणें लावलें. गाणारा गिटारीच्या साथीवर, कोठेंहि आवाज न चढवितां, शेजाऱ्याला हकीकत सांगावी तसा गात होता. एका सरदाराची बायको घरदार, मऊ बिछाना आणि नवरा ह्या सर्वांना सोडून फिरस्त्या जिप्सींच्या मागें निघून जाते, एवढी गोष्ट मला त्यांतून कळली. गोष्ट संपली, परंतु ताल थांबला नाहीं. क्षणाचीहि उसंत न घेतां एका अपरिचित वाद्याचा सूर वर आला. सनईपेक्षां मऊ, बासरीपेक्षां भरदार असा तो सूर होता. आणि त्याची चाल कशी, तर एखाद्या घरंदाज वृद्धानें दिवाणखान्यांत सावकाश पाऊल टाकावें तशी. रस्त्यावरची ती गोष्ट आणि हा दरबारी सूर, हीं दोन्ही एका घरचीं नव्हेत, असें माझ्या मनानें घेतलें. मीं विचारलें, "हें दुसरें काय लागलें?" ती म्हणाली, "दुसरें नाहीं, आजोबा, तेंच आहे."

श्रोतेहो, त्या "तेंच आहे" ह्या दोन शब्दांचा अर्थ समजून घेण्यांत माझे चार महिने गेले. संगीतशास्त्र मी जाणत नाहीं. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों, मुलांना इतिहास-भूगोल शिकविला आणि यथाकाल निवृत्त झालों. परंतु ऐकलेली गोष्ट कोठून आली हें विचारण्याची खोड इतिहासाच्या मास्तराला कायमची जडलेली असते. त्या खोडीपायीं जें हातीं लागलें तें आज आपल्यापुढें ठेवतों.

ज्या ध्वनिमुद्रिकेंतलें हें पहिलें गाणें, ती १९७३ सालीं प्रसिद्ध झाली. तिचें नांव 'प्लँक्स्टी', आणि ती ज्या आयरिश वादकसंघानें केली त्याचेंहि नांव तेंच. तिचें वेष्टन काळें असल्यामुळें रसिक तिला 'काळी ध्वनिमुद्रिका' म्हणूनहि ओळखतात. संघांत चौघे जण होते. ख्रिस्टी मूर हा गाणारा. गिटार आणि बोकडाच्या कातड्यानें मढविलेला बोरान नांवाचा डफ हीं त्याचीं वाद्यें. अँडी अर्व्हाइन हा गाणारा आणि मँडोलिन वाजविणारा. डोनल लनी हा बुझुकी नांवाचें तंतुवाद्य वाजविणारा. चौथा लिअम ओफ्लिन. ज्या वाद्यानें मला चकविलें तें ह्याच्या हातचें. ध्वनिमुद्रिकेंत एकंदर बारा भाग आहेत. कांहीं गाणीं, कांहीं नुसत्या वाद्यांवरच्या सुरावटी. पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी आयर्लंडच्या पारंपरिक संगीताची गोष्ट निघाली कीं हिचें नांव निघतें. गाणें आणि त्याला जोडलेली ती सुरावट ही जोडी ह्या मंडळींनीं प्रथम 'प्रॉस्परस' ह्या १९७२ सालच्या ध्वनिमुद्रिकेंत बांधली होती. किल्डेअर परगण्यांतल्या प्रॉस्परस नांवाच्या गांवाजवळ एका जुन्या घराच्या तळघरांत चौघे एकत्र बसून वाजवूं लागले, आणि त्यांतूनच पुढें संघ उभा राहिला.

प्रथम गाण्याची हकीकत पाहूं. सरदाराची बायको जिप्सींबरोबर निघून गेल्याची ही कथा स्कॉटलंड, इंग्लंड, आयर्लंड आणि समुद्रापलीकडे अमेरिकेंतहि शेंकडों मुखांनीं गाइली गेली आहे. चाइल्ड नांवाच्या अमेरिकन पंडितानें एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी आणि स्कॉटिश कथागीतांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यांत हिचा क्रमांक दोनशेवा आहे. परंतु ख्रिस्टी मूरनें ती चाइल्डच्या ग्रंथांतून घेतली नाहीं. त्याचें गाणें आलें तें जॉन रायली नांवाच्या एका माणसाकडून.

हा रायली आयर्लंडांतल्या 'ट्रॅव्हलर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिरस्त्या जमातींतला. जिप्सींची जमात निराळी आणि ही निराळी. ही आयर्लंडचीच, शतकानुशतकें गाड्या घेऊन गांवोगांव हिंडणारी. पत्र्याचीं भांडीं घडविणें आणि जुन्या भांड्यांची डागडुजी करणें हा त्यांतल्या पुष्कळांचा धंदा. प्लास्टिकचीं भांडीं आलीं आणि तो धंदा बसला. रायली हाहि भांडीं घडविणारा. रॉसकॉमन परगण्यांत बॉइल नांवाचें गांव आहे. तेथें तो अखेरच्या दिवसांत दारिद्र्यांत राहत होता. टॉम मनली नांवाच्या एका तरुण संग्राहकानें १९६० नंतरच्या दशकांत त्याला गांठून त्याचीं गाणीं ध्वनिमुद्रित केलीं. रायली गाई तें साथीवांचून, नुसता कंठ. जीं कथागीतें पंडितांच्या समजुतीप्रमाणें लोकांच्या तोंडून केव्हांच नाहींशीं झालीं होतीं, त्यांपैकीं कांहीं ह्या माणसाला पाठ होतीं. १९६९ सालीं, वयाच्या चाळिशींतच, तो मरण पावला. चार वर्षांनीं त्याचें गाणें 'काळ्या ध्वनिमुद्रिके'च्या शिरोभागीं विराजमान झालें. त्याच्या स्वतःच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका निघाली ती १९७८ सालीं, म्हणजे मरणानंतर नऊ वर्षांनीं.

आतां गाण्यापाठोपाठ येणाऱ्या त्या दरबारी सुराकडे वळूं. त्याचें आयरिश भाषेंतलें नांव आहे 'तुझा हात मला दे'. ही सुरावट रचली रुअरी डॉल ओकाहान ह्या हार्पवादकानें, सतराव्या शतकाच्या आरंभीच्या काळांत. 'डॉल' म्हणजे आंधळा. स्कॉटलंडांतल्या एका सरदारपत्नीनें त्याची ओळख न पटून त्याच्याशीं उर्मट वर्तन केलें. पुढें चूक कळल्यावर तिनें क्षमा मागितली, आणि त्या समेटाचें स्मारक म्हणून त्यानें ही रचना केली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो. वादकाचा मान मोडला तर सरदारपत्नीलाहि क्षमा मागावी लागे, अशी समाजाची समजूत होती, एवढें तरी तींतून निश्चित दिसतें.

त्या काळीं आयर्लंडच्या सरदारघराण्यांत कवि आणि हार्पवादक ह्यांना मानाचें स्थान असे. परंतु तो काळ मावळत चालला होता. १६०१ सालीं किन्सेलच्या लढाईंत आयरिश सरदारांचा इंग्रजांपुढें पराभव झाला. १६०७ सालीं अल्स्टरचे प्रमुख सरदार देश सोडून यूरोपांत निघून गेले. पुढें १६४९ सालीं क्रॉमवेलची स्वारी आणि १६९० सालीं बॉइन नदीवरची लढाई. प्रत्येक आघातासरशी जमिनी गेल्या आणि जमिनींबरोबर वाडे गेले. वाडे गेल्यावर वाड्यांतल्या वादकानें जावें कोठें? तो घोड्यावर हार्प लादून, वाटाड्या बरोबर घेऊन, एका घरून दुसऱ्या घरीं हिंडूं लागला. म्हणजे जो वाड्यांतला होता तोहि अखेर वाटेवरचाच झाला.

ह्या वाटसरू वादकांत सर्वांत मोठें नांव टर्लो ओकॅरोलन ह्याचें. जन्म १६७० सालचा, मीथ परगण्यांतला. अठराव्या वर्षीं देवी येऊन त्याचे डोळे गेले. ज्या मॅकडर्मट रो घराण्याच्या आश्रयाला त्याचें कुटुंब होतें, तेथील यजमानीणबाईनें त्याला तीन वर्षें हार्प शिकविण्याची व्यवस्था केली; मग एक घोडा, एक वाटाड्या आणि थोडें द्रव्य देऊन त्याला मार्गस्थ केलें. त्यानंतर सुमारे पंचेचाळीस वर्षें तो हिंडत होता. ज्या घरीं उतरावें त्या घरच्या धन्याच्या वा कन्येच्या नांवानें सुरावट रचावी, हा त्याचा परिपाठ. अशा कांहीं सुरावटींना 'प्लँक्स्टी' म्हणतात, आणि संघाचें नांव आलें तें येथूनच. ध्वनिमुद्रिकेंत कॅरोलनच्या दोन रचना आहेत. एक 'प्लँक्स्टी अर्विन', स्लायगो परगण्यांतल्या कर्नल अर्विन ह्यांच्यासाठीं रचलेली. दुसरी 'शी व्हेग, शी व्होर', म्हणजे यक्षांची धाकटी टेकडी आणि थोरली टेकडी. ही त्याची पहिलीच रचना असें मानतात. १७३८ सालच्या मार्च महिन्यांत, ज्या घरानें त्याला घोडा दिला होता त्याच घरीं परत येऊन त्यानें देह ठेवला. त्याच्या नांवावर दोनशेंहून अधिक सुरावटी आज उपलब्ध आहेत.

त्या उपलब्ध कशा राहिल्या? येथें कागदाचें उपकारस्मरण करणें प्राप्त आहे. १७९२ सालच्या जुलै महिन्यांत बेलफास्ट शहरीं कांहीं नागरिकांनीं देशांतले उरलेसुरले हार्पवादक जमविले. आयरिश वादक आले ते अवघे दहा. त्यांतले सहा अंध. त्यांचें वादन लिहून घेण्याचें काम एडवर्ड बंटिंग नांवाच्या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाकडे सोंपविलें होतें. जमलेल्यांत डेनिस हेंप्सन नांवाचा नव्वदी ओलांडलेला एक वृद्ध होता. धातूच्या तारा वाढविलेल्या नखांनीं छेडण्याची पुरातन रीति त्या मेळाव्यांत त्याच्या एकट्याच्याच हातीं शिल्लक उरली होती. त्या तरुणाचें पुढचें आयुष्य ह्याच कामांत गेलें. तो हेंप्सनच्या गांवीं गेला, इतर वादकांच्या शोधांत खेडोपाडीं फिरला, आणि १७९६, १८०९ व १८४० ह्या सालीं त्यानें तीन संग्रह प्रसिद्ध केले. आंधळ्या रुअरीची ती 'तुझा हात मला दे' ही सुरावट शेवटच्या संग्रहांत आहे.

परंतु कागदानें काय राखलें आणि काय गमावलें, हेंहि पाहिलें पाहिजे. बंटिंगला बजावलेलें होतें कीं जुन्या सुरावटींत एकाहि स्वराची भर घालूं नये. तथापि पुस्तक विकत घेणाऱ्यांच्या घरीं हार्प नव्हतें, पियानो होता; म्हणून त्यानें सुरावटी पियानोला साजतील अशा बेतानें छापल्या. नखानें छेडलेली तार किती वेळ घुमूं द्यावी आणि कोणत्या क्षणीं बोट ठेवून ती थांबवावी, ह्या गोष्टींची त्यानें पुष्कळशी टांचणें केलीं, हें खरें; पण तीं वाचून वाजविणारा हात राहिला नाहीं. ते दहा वादक एकामागून एक गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचें वादन गेलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बंटिंगच्या टांचणांचाहि आधार घेऊन कांहीं कलावंतांनीं तारेचें हार्प पुन्हा वाजतें केलें, तोंवर ती विद्या कागदावर निजून होती.

दुसरे एक संग्राहक माझ्याच व्यवसायाचे निघाले, म्हणून त्यांच्याविषयीं मला विशेष आपुलकी वाटली. पॅट्रिक वेस्टन जॉइस हे शिक्षक, आणि पुढें शिक्षकांचे शिक्षक. त्यांचा जन्म १८२७ सालीं लिमरिकच्या डोंगराळ मुलुखांत झाला. लहानपणीं आपल्या खेड्यांत ऐकलेलीं गाणीं त्यांच्या स्मरणांत होतीं. लोक अशीं गाणीं जमवूं लागले आहेत असें कळल्यावर त्यांनीं तीं आठवून लिहून काढलीं. १९०९ सालीं, ब्याऐंशीच्या घरांत असतांना, त्यांनीं ८४२ सुरावटींचा मोठा संग्रह छापला. 'आर्थर मॅकब्राइड' हें 'काळ्या ध्वनिमुद्रिके'वरचें दुसरें गाणें त्या संग्रहांत आहे. दोघे तरुण नाताळच्या सकाळीं समुद्रकांठीं फिरावयास जातात; इंग्रजी सैन्यांत भरती करणारा हवालदार त्यांना लाल डगल्याची आणि रोख पैशांची लालूच दाखवितो; दोघे त्याला आधीं शब्दांनीं आणि मग काठ्यांनीं उत्तर देतात. अँडी अर्व्हाइन हें गाणें इतक्या शांतपणें गातो कीं त्यांतला नकार अधिकच ठाम वाटतो.

जॉइस ह्यांचें बालपण आणि त्यांचा हा ग्रंथ ह्यांच्यामध्यें जो काळ गेला, त्यांत आयर्लंडवर महादुष्काळ कोसळला. १८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढचीं सहा-सात वर्षें देश होरपळला. सुमारे दहा लाख माणसें भुकेनें आणि रोगानें मेलीं. तितकींच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेलीं. १८४१ च्या शिरगणतींत ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ सालीं ६५ लाखांवर आली. मेलीं तीं बहुतेक गरीब खेड्यांतलीं, आणि आयरिश भाषा व गाणीं मुखांत बाळगणारींहि तींच. त्यानंतर कित्येक खेड्यांतून गाण्याचा आवाजच उठेनासा झाला, असें त्या काळच्या संग्राहकांनीं लिहून ठेविलें आहे. जॉइस ह्यांनीं आठवून लिहिलें नसतें तर त्यांच्या खेड्याचा आवाज आपल्यापर्यंत आला नसता. मास्तराच्या लेखणीचें चीज होतें तें असें.

तरीहि, केवळ लेखणीवर हें संगीत तगलें असतें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर लिअम ओफ्लिनच्या वाद्यांत आहे. त्याला 'इलन पाइप' म्हणतात. आयरिश भाषेंत कोपराला जो शब्द आहे त्यावरून हें नांव पडलें. वादक बसून वाजवितो. एका कोपराखालीं भाता असतो, त्यानें हवा भरावयाची. दुसऱ्या कोपराखालीं कातड्याची पिशवी असते, ती दाबून हवा सोडावयाची. बोटांनीं सुरावट वाजवावयाची आणि मनगटानें किल्ल्या दाबून मधूनमधून साथीचे स्वर द्यावयाचे. शिवाय तीन नळ्या एकच स्वर अखंड धरून असतात. आपल्याकडे गवयाच्या मागें तंबोरा असतो, तसा हा वादकाच्या मांडीवरच असतो म्हणाना! सात वर्षें शिकावें, सात वर्षें घोकावें आणि सात वर्षें वाजवावें, तेव्हां कोठें पाइपवादक तयार होतो, असें आयरिश लोक म्हणतात. हें कोणत्या पुस्तकांत मावणार?

विसाव्या शतकाच्या मध्यास ही विद्या जाणणारे फारच थोडे उरले होते. १९६८ सालीं पाइपवादकांनीं आपली संस्था स्थापन केली, तेव्हां सबंध देशांत वादक शंभरांच्या आंत होते असें सांगतात. ओफ्लिनचा बाप शाळामास्तर होता आणि फिडल वाजवीत असे. त्यानें अकराव्या वर्षीं मुलाला डब्लिनच्या लिओ राउसम ह्या थोर पाइपवादकाच्या हातीं दिलें. पुढें ओफ्लिनला दुसरा गुरु लाभला तो शेमस एनिस. हा एनिस पाइपवादक तर होताच, पण खेडोपाडीं फिरून त्यानें आयरिश लोकवाङ्मय मंडळासाठीं गाणीं जमविलीं, आणि १९४७ सालापासून आयरिश नभोवाणीच्या फिरत्या ध्वनिमुद्रण पथकाबरोबर तो हिंडला. त्याचे पाइप एकोणिसाव्या शतकांत घडविलेले होते. त्याच्या बापाला ते लंडनच्या एका गहाणवटीच्या दुकानांत पिशवींत भरलेल्या सुट्या भागांच्या रूपांत मिळाले होते, असें सांगतात. १९८२ सालीं एनिस वारला तेव्हां त्यानें ते ओफ्लिनला ठेविले. ओफ्लिन २०१८ सालीं गेला. त्याच्या आदल्या वर्षीं, २०१७ सालीं, युनेस्कोनें ह्या वादनाची मानवजातीच्या वारशांत नोंद केली. हार्पवादनाची नोंद २०१९ सालीं झाली.

नभोवाणीचा उल्लेख झाला आहे, तर आणखी एक ऋण सांगितलें पाहिजे. शॉन ओरीआदा ह्या संगीतकारानें १९६२ सालीं आयरिश नभोवाणीवर आपल्या देशाच्या संगीतवारशाविषयीं एक व्याख्यानमाला दिली. ह्या संगीताचें सौंदर्य एकेरी सुरावटींत, तिच्या अलंकरणांत आणि प्रत्येक आवर्तनांत होणाऱ्या बारीक फरकांत आहे, हें त्यानें शहरी श्रोत्यांच्या गळीं उतरविलें. कॅरोलनच्या रचना त्यानें मैफलींत पुन्हा आणल्या. तारेचें हार्प उपलब्ध नाहीं म्हणून त्याच्या जागीं तो हार्पसिकॉर्ड वाजवी. पाइपवादनाला आणि मद्यगृहांतल्या गाण्याला नाकें मुरडणारीं सुशिक्षित घरें त्यानंतर कान देऊं लागलीं. 'काळी ध्वनिमुद्रिका' ज्या कानांवर पडली ते कान असे तयार झालेले होते.

आतां एका आक्षेपाचा विचार करूं. ह्या ध्वनिमुद्रिकेला पारंपरिक तरी कसें म्हणावें? लनीची बुझुकी ग्रीस देशाची. ती आयरिश संगीतांत शिरून पुरतीं दहा वर्षेंहि झालीं नव्हतीं. बारांपैकीं एक गाणें लंडनच्या थेम्स नदीवरचें, इवन मॅकॉलनें रचलेलें. एक अर्व्हाइननें स्वतः केलेलें. १५८० सालच्या ग्लेनमलूरच्या लढाईचें जें वीरगीत आहे, त्याचे शब्द मॅकॉल नांवाच्याच दुसऱ्या एका कवीचे, म्हणजे लढाईनंतर तीनशें वर्षांनीं लिहिलेले. शेवटच्या लोहाराच्या गाण्याला बाल्कन देशांतल्या नाचाच्या वळणाची शेंपटी जोडलेली. मग आयरिश राहिलें काय?

मला वाटतें, हा आक्षेप घेणाराला कॅरोलनचें विस्मरण झालेलें असतें. त्या आंधळ्या वादकाच्या कानांवर डब्लिनच्या सरदारघरांत इटालियन संगीत पडलें आणि तें त्याच्या रचनांत उतरलें. आज त्याला कोणी इटालियन म्हणत नाहीं. परंपरेच्या घरांत पाहुणा आला म्हणून घर मोडत नाहीं. घर मोडतें तें घरांतलीं माणसें गेलीं म्हणजे. १९३५ सालीं आयर्लंडच्या स्वतंत्र राज्यानें एक कायदा करून सार्वजनिक नाचांना परवान्याचें बंधन घातलें. त्याचा आधार घेऊन धर्मगुरु आणि शिपाई ह्यांनीं शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरांतले घरगुती नाचहि बंद पाडले. क्लेअर परगण्यांतला ज्युनिअर क्रेहन हा फिडलवादक त्या दिवसांविषयीं जन्मभर हळहळत राहिला. त्याच्या आवडीची एक सुरावट ओफ्लिननें ह्या ध्वनिमुद्रिकेंत वाजविली आहे. क्रेहन हा ओफ्लिनच्या आईकडून नात्यांतला. परका राजा, दुष्काळ, देशांतर, आणि अखेर स्वतःचें सरकार. इतक्यांच्या हातून जें वांचलें तें बुझुकीच्या तारांनीं बुडेल हें मला पटत नाहीं.

आतां त्या पहिल्या गाण्याकडे परत येतों. जी सुरावट वाड्यांत जन्मली ती वाडे पडल्यावर कागदाच्या आश्रयानें तगली. जें गाणें वाटेवर होतें तें कागदावर विसंबून राहिलें नाहीं. तें माणसाच्या कंठांतून कंठांत जात रायलीपर्यंत आलें. गाण्यांतली सरदारीण वाडा सोडून वाटेला लागते, आणि तिची गोष्ट जेथें संपते तेथेंच वाड्यांतल्या हार्पाचा सूर येऊन मिळतो. चौघांनीं ही जोडी जमविली तेव्हां इतिहासाचा असा विचार केला असेल वा नसेल. दोन्हींची लय जुळते एवढेंच त्यांच्या कानाला जाणवलें असेल. परंतु आयर्लंडचा तीनशें वर्षांचा इतिहास त्या सांध्यांत बसला आहे. माझी नात "तेंच आहे" म्हणाली, तें खरें होतें.

खातें मात्र दोन्हीकडचें सारखें नाहीं. कॅरोलनला घोडा मिळाला, आश्रय मिळाला, मरणोत्तर कीर्ति मिळाली. रायलीच्या गाण्यावर टाळ्या पडल्या तेव्हां तो मातीखालीं होता. आपण तें गाणें रायलीकडून घेतलें असें ख्रिस्टी मूर सांगत आला आहे, ही त्याची सचोटी. पण ट्रॅव्हलर लोकांना स्वतंत्र जमात म्हणून आयरिश राज्यानें मान्यता दिली ती २०१७ सालीं. त्याच वर्षीं पाइपवादनाचा जगांत गौरव झाला. गाण्याला घरांत घ्यावें आणि गाणाराला दाराबाहेर ठेवावें, हा व्यवहार केवळ आयर्लंडपुरता नाहीं, म्हणून आतां माझ्या एका अपराधाची गोष्ट सांगतों.

मी एका साखर कारखान्याच्या टापूंतल्या गांवीं शिकवीत असतांना ऊसतोडीच्या हंगामांत पालांवर उतरलेल्या कुटुंबांतला एक मुलगा माझ्या वर्गांत बसूं लागला. त्याला पाढे येत नसत, वाचन जेमतेम. पण लांबच लांब कथा असलेलीं गाणीं त्याला मुखोद्गत होतीं, आणि मधल्या सुटींत मुलें त्याच्याभोंवतीं कोंडाळें करीत. एके दिवशीं घंटा झाली तरी त्याचें गाणें चालूच होतें. मीं म्हटलें, "गाणें पुरे. पुस्तक उघड." त्याच्याजवळ पुस्तक नव्हतें. तो खालीं मान घालून बसला. हंगाम संपला, पालें उठलीं, मुलगा गेला. तें गाणें कशाविषयीं होतें, हें मीं त्याला कधींच विचारलें नाहीं. माझ्या हातांत खडू होता, टेबलावर वही होती. जॉइसमास्तरांच्या हातीं होतें तें सर्व साहित्य माझ्यापाशीं होतें. जें लिहिलेलें नाहीं तें शिकण्याजोगें नाहीं, अशी मात्र माझी पक्की समजूत होती.

ती समजूत ह्या वयांत एका परदेशी ध्वनिमुद्रिकेनें मोडली. श्रोतेहो, आपल्यापैकीं ज्यांना सवड असेल त्यांनीं ती अवश्य ऐकावी. पहिल्या गाण्याचे शब्द कळले नाहींत तरी चालेल. गोष्ट मीं सांगितलीच आहे. गाणें संपत येईल तेव्हां मात्र लक्ष देऊन असावें. गिटारीचा ठेका चालूच असतो, आवाज थांबतो, आणि पाइपांचा सूर वर येतो. त्या जागीं मी आतां दर वेळीं रायलीचें नांव मनांत घेतों. आणि आपल्या आळींत, आपल्या घरांत कामाला येणाऱ्या माणसांत, कोणी गुणगुणतांना आढळलें तर एवढेंच विचारावें कीं, हें गाणें आपण कोणाकडून शिकलांत? विचारण्याला फार विलंब करूं नये, एवढें मी अनुभवानें सांगतों.